पहाटेचे दिवे लावा, नेम आम्ही धरतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर जानेवारीत आणि परत पाडव्याच्या सुमारास संकल्पांवर लेख येतात, मी ते सगळे वाचतो, काही कापूनही ठेवतो. व्यायाम, वाचन, पहाटे उठणं, मोबाईल कमी करणं, रात्री झोपताना वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिणं असं सगळं त्यात असतं आणि त्यात चुकीचं काहीच नाही. पण फेब्रुवारी लागला की आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब ग्राऊंडच्या जॉगिंग ट्रॅकवरची गर्दी ओसरते, वर्षानुवर्षं येणारे तेवढे उरतात आणि बाकीचे म्हणतात जाऊ दे, आपल्यात विलपॉवरच नाही. मला हे पटत नाही. विलपॉवर असते हो माणसात, ज्याने आयुष्यभर थर्ड शिफ्ट करून पोरं शिकवली त्याला विलपॉवर नाही असं कोण म्हणेल? अडचण अशी की आपण नेम, म्हणजे रोजचा नियम, धरतो तो एकट्याने धरतो, एकदम मोठा धरतो आणि त्याला ना ठिकाण असतं ना वेळ ना कोणी वाट बघणारं. ह्यावर मला बरंच सांगायचंय, आणि शेवटी दोन-तीन मागण्या पण आहेत, म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्याच अंबड इंडस्ट्रियल एरियात एका कंपनीत मशीन शॉपला होतो, तिथूनच रिटायर झालो. आमच्याकडे शिफ्ट सुरू झाली की पहिली दहा मिनिटं जेएच असायचं. ही जपानी पद्धत, जिशु होझेन, ऑपरेटरने आपली मशीन आपणच सांभाळायची. कॉटन वेस्ट घेऊन मशीन पुसायची, चिप्स म्हणजे धातूचा कीस काढायचा, ऑइल लेव्हल बघायची, कूलंट बघायचं आणि चेकशीटवर टिक करून सही ठोकायची. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं आयटीआय करून आम्ही काय पुसापुशी करायला आलो का. त्यांना एकच सांगायचो, पुसणं म्हणजेच बघणं. हात फिरतो तेव्हा कळतं की इथे बोल्ट ढिला झालाय, इथून तेल झिरपतंय, ही बेअरिंग कालच्यापेक्षा गरम लागतेय. मेंटेनन्सवाला महिन्याने येऊन जे सांगणार ते रोज हात फिरवणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. माझं मत विचाराल तर माणसाच्या रोजच्या नेमाचा खरा फायदा हाच. रोज त्याच रस्त्याने चालणाऱ्याला आज दम लवकर लागला हे लगेच कळतं. रोज संध्याकाळी थोडं शांत बसणाऱ्याला कळतं की आठवडाभर आपण घरात सगळ्यांवर खेकसतोय. वजन कमी होणं, शुगर कंट्रोलमध्ये येणं हे सगळं नंतरचं, आधी आपलं आपल्याकडे लक्ष राहतं.

आता रिटायर झालेल्यांचं सांगतो, कारण सिडको, सातपूर, इंदिरानगर ह्या भागात आमच्यासारखे भरपूर आहेत आणि आमच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. कंपनीत असताना आम्हाला नेम धरावाच लागला नाही, नेम कंपनीने धरलेला होता. बसची वेळ, पंचिंग, टी ब्रेक, कॅन्टीनचा टोकन, सुपरवायझरचा राऊंड. दिवसाला चौकट होती. रिटायर झाल्यावर सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, पहिले दोन-तीन महिने गावाला जाणं, लग्नकार्यं, राहिलेली बँकेची कामं ह्यात गेले आणि मग एकदम दिवस मोकळा पडतो. त्या मोकळ्या दिवसाचं करायचं काय हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं.

आमच्याच डिपार्टमेंटचे एक जण, नाव लिहीत नाही, त्यांचं असंच झालं, त्यात रिटायरमेंटनंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या. मुलगा पुण्याला. माणूस उठायचा दहाला, अंघोळ कधी बाराला तर कधी नाहीच, टीव्ही चालू आणि हातात मोबाईल, जेवणाचा डबा लावलेला तो कधी कधी तसाच बांधलेला. आम्ही मित्र जाऊन सांगायचो फिरायला चला, भजनाला चला, पांडवलेणीला जाऊ सकाळी, ते हो हो म्हणायचे आणि यायचे नाहीत. मुलाने पुण्याहून स्मार्ट घड्याळ पाठवलं, ते ड्रॉवरमध्ये पडलं. मग काय झालं तर त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन सोडून गेला. त्यांच्याकडे पाणी पहाटे येतं, खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायला मोटर लावावी लागते आणि ते काम तो वॉचमन करायचा. दोन दिवस बिल्डिंगला पाणी नाही, बायका वैतागल्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं काका तुम्ही तळमजल्यावरच आहात, नवीन माणूस मिळेपर्यंत तेवढं बघता का. काकांना नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून हा माणूस रोज साडेपाचला उठतो. टाकी भरायला पाऊण तास लागतो. पहिले काही दिवस नुसते कट्ट्यावर बसून राहायचे. मग बसल्या बसल्या पार्किंग झाडायला लागले. मग कुंड्यांना पाणी घालायला लागले. मग हरिपाठ, तो त्यांचा लहानपणी पाठ होता, त्यांचं गाव सिन्नर तालुक्यातलं, वडील वारकरी होते, मधे सगळं सुटलेलं. वरच्या मजल्यावरची बारावीतली मुलगी क्लासला जाताना सांगून जाते, काका पाणी आलं बरं का. हे एवढंसं वाक्य रोज त्यांच्या कानावर पडतं. पुढे नवीन वॉचमन आला तरी मोटरचं काम त्यांनी सोडलं नाही आणि आता त्या वेळेला बिल्डिंगमधले अजून काही जण खाली उतरतात, थोडं चालतात, बोलतात. डबा बंद करून सकाळचा स्वयंपाक स्वतः करतात ते आता. जीवनाचा उद्देश शोधा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही नसतं. बिल्डिंगला पाणी हवं होतं आणि त्यासाठी ते हवे होते, एवढंच.

मला ह्यातून जे दिसलं ते असं की नेमाला तीन आधार लागतात. ठरलेली वेळ किंवा प्रसंग, ठरलेली जागा, आणि आपण नाही गेलो तर विचारणारं कोणीतरी. मूड हा आधार नाही, मूड पावसाळ्यात जातो, थंडीत जातो, घरात भांडण झालं की जातो.

मुलगी शिक्षिका आहे, तिने मला ह्या विषयावरचं संशोधन मराठीत समजावून सांगितलं. सगळीकडे ऐकू येतं की २१ दिवसांत सवय लागते. हा २१ चा आकडा आला कुठून तर अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशन झालेल्या पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात. त्यातलं 'निदान' पुढे गळून गेलं. खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ती २०१० मध्ये छापून आली. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी सवय निवडली, कोणी जेवणाबरोबर फळ, कोणी पाणी, कोणी संध्याकाळच्या जेवणाआधी थोडं पळणं, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, पण कोणाला १८ तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामाच्या सवयीला खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा दीडपट वेळ लागला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. हे मी ट्रॅकवर सगळ्यांना सांगतो. कारण आपल्याकडे लोक एक दिवस चुकला की नेम मोडला असं धरून चालतात आणि सोडूनच देतात, २२ व्या दिवशी कंटाळा आला की म्हणतात आपल्याला जमणारच नाही. जमतं, अजून दिवस भरले नाहीत एवढंच असतं.

दुसरा अभ्यास २००२ चा, ब्रिटनमधल्या कॉलेजच्या पोरांवरचा. एका गटाला व्यायामाचे फायदे छान समजावून सांगितले, हार्ट ॲटॅकची माहिती दिली. दुसऱ्या गटाला तेच सांगून वर एक वाक्य लिहायला लावलं, पुढच्या आठवड्यात कोणत्या वारी, किती वाजता, कुठे वीस मिनिटं व्यायाम करणार. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी ३५ टक्के लोकांनी व्यायाम केला, वार-वेळ-जागा लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्के. माहितीने माणूस हलत नाही, जागा आणि वेळ ठरली की हलतो. आपल्या लेखांमध्ये फायदे भरपूर असतात साहेब, पण कुठे आणि कधी हे कोणी विचारत नाही.

इथे मला शिफ्टवाल्यांचं सांगितलंच पाहिजे कारण पहाटे पाचला उठा हा सल्ला त्यांच्या काही कामाचा नाही. एका आठवड्यात फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड, झोपेचं खोबरं झालेलं असतं, त्यांनी घड्याळाला नेम बांधला की तो दर आठवड्याला तुटणारच. त्यांनी नेम घड्याळाला न बांधता एखाद्या कामाला बांधावा. ड्युटीवरून आलो, डबा सिंकमध्ये ठेवला, हातपाय धुतले की लगेच दहा मिनिटं पाठ मोकळी करायचे व्यायाम, मग ते दुपारी चारला असो नाहीतर सकाळी आठला. आमच्या लाइनवरचा एक ऑपरेटर बसमध्ये बसला की पुस्तक काढायचा, बस कुठल्याही शिफ्टची असो. सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणायचा. ते वाचनालय १८४० पासून आपल्या गावात आहे, कितीतरी पिढ्यांचे वाचनाचे नेम त्याने सांभाळले आणि त्या ऑपरेटरचाही सांभाळला. सीट मिळाली की वाचायचं, एवढाच त्याचा नियम.

नाशिककरांना तर हे बाहेरून शिकायची गरजच नाही. टाकळीला जाऊन या. नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, आणि गोदावरी जिथे मिळतात तिथे समर्थ रामदासांनी १२ वर्षं काढली. परंपरेने सांगतात की तिथे त्यांनी १३ कोटी रामनामाचा जप पूर्ण केला. मी मशीन शॉपचा माणूस, मला रोजचं प्रॉडक्शन काढायची सवय, म्हणून हिशेब केला तर तो रोजचा जवळपास ३० हजारांचा निघतो. पण मला आकड्यापेक्षा त्यांचा दिवस कसा लावलेला होता ते जास्त विचार करण्यासारखं वाटतं. सकाळी नदीत उभं राहून जप, दुपारी माधुकरी, मग ग्रंथ आणि श्रवण. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि दुपारी पंचवटीत घरोघरी माणसांच्या दारात जाणं ठरलेलं. बारा वर्षं एकांतात बसलेत असं नाही, रोज लोकांच्या दारात जाऊन उभे राहत होते.

त्र्यंबकच्या पौषवारीचंही तेच. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या दर्शनाला गावोगावच्या दिंड्या चालत येतात, कडाक्याची थंडी असते, आपण स्वेटर घालून खिडकीतून बघतो आणि सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन चाललेली असते. तिला कोणी मोटिव्हेशन दिलेलं नसतं. दिंडी निघाली की ती निघते, मुक्काम ठरलेला, पंगत ठरलेली, शेजारी चालणारी बाई ठरलेली. एकटीला तेवढं अंतर चाल म्हटलं तर तिचं तिलाही झेपणार नाही कदाचित.

खेळाडूंचं बोलायचं तर कविता राऊत आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, जिथे पाण्याची मारामार तिथला पोरगा सैन्यात जाऊन वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. ह्या दोघांनाही शिकवणारं, रोज सरावाला उभं करणारं कोणीतरी होतं. आपण मेडलचा फोटो लावतो, पोरांना त्यांच्या रोजच्या सरावाबद्दल सांगत नाही.

आता कृतज्ञतेचं. हा शब्द हल्ली फार वापरला जातो आणि वहीत लिहा म्हणतात. लिहावं, फायदा आहे, २००३ मध्ये अमेरिकेत एमन्स आणि मॅककलो ह्या दोघांनी तपासलंय, दहा आठवडे, आठवड्यातून एकदा ज्यांनी आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहिल्या ते कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त आशावादी होते आणि व्यायामही जास्त करत होते. पण माझं म्हणणं एक पाऊल पुढचं आहे. वहीत लिहिलं की ते आपल्यापाशी राहतं. ज्याच्यामुळे आपलं काम झालं त्याला ते कळलं पाहिजे, आणि नुसतं थँक्यू नाही, त्याने काय केलं ते नाव घेऊन सांगितलं पाहिजे.

घंटागाडीवरच्या माणसाला तुम्ही कधी सांगितलंय का की दादा तुम्ही काल पावसातही आलात, बरं झालं, घरात बाळ आहे आमच्या? एकदा सांगून बघा, तो चेहरा बघा. पेपर टाकणाऱ्या मुलाला, जो आपण झोपेत असताना गठ्ठे सोडून पुरवण्या घालून सायकलला लावून निघतो? लाइनमनला, जो वादळात खांबावर चढला? आपण त्यांना फक्त एकाच दिवशी ओळखतो, ज्या दिवशी ते येत नाहीत. त्या दिवशी फोन करायला नंबर लगेच सापडतो. आमच्या घरी सौ.ने एक रीत पाडलीय. संध्याकाळी दिवा लावला, नातवाचं शुभंकरोति झालं की प्रत्येकाने आज आपल्यासाठी काम केलेल्या एका माणसाचं नाव घ्यायचं, आणि नाव माहीत नसेल तर उद्या विचारून यायचं. ही विचारून यायची अट फार चांगली आहे. नातवाला आज त्याच्या रिक्षावाल्या काकांचं, शाळेतल्या मावशींचं, कोपऱ्यावरच्या भाजीवालीचं नाव माहीत आहे, आणि ती मंडळी आता त्याला नावाने हाक मारतात. एवढ्या मोठ्या शहरात पोराला नावाने ओळखणारी माणसं वाढली, ह्यापेक्षा अजून काय पाहिजे.

जेवताना आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणायची पद्धत आहे, जुनी माणसं अजून म्हणतात. मला वाटतं नाशिक जिल्ह्यात हे म्हणताना जास्त जबाबदारी येते कारण अन्नदाता इथून तासाभरावर राहतो. निफाडला, दिंडोरीला, पिंपळगावला ऑक्टोबर छाटणी झाली की तिथून माल निघेपर्यंत चार महिने द्राक्षवाल्याचा एकही दिवस सुट्टीचा नसतो, ढग आले की त्याची झोप जाते, वेलीवर डाऊनी, भुरी हे रोग येतील का, बेमोसमी पाऊस मणी तडकवेल का. नेम काय असतो ते त्याच्या बागेत सकाळी जाऊन बघावं. मग आपण भाव ऐकून एवढी महाग कशी म्हणून त्याच्याशी वाद घालायचा आणि घरी जाऊन कृतज्ञतेची वही भरायची हे माझ्या मनाला पटत नाही. नळाच्या पाण्याचंही तसंच. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी गंगापूर धरणात अडवलीय म्हणून आपल्या नळाला पाणी येतं, आणि आपण रामकुंडावर जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य सोडतो, हात जोडतो आणि घरी येतो. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, त्याची तयारी जोरात चालू आहे, पण नदीचे आभार मानायला बारा वर्षं थांबायची गरज नाही, पिशवी घरी परत आणली तरी ते रोज मानता येतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे कारण कृतज्ञतेच्या नावाखाली चुकीचं पण खपवलं जातं. कॉन्ट्रॅक्टवर बारा तास उभा राहणाऱ्या पोराला जो कोणी म्हणतो की नोकरी आहे ह्यात समाधान मान, तो त्याला गप्प बसवतोय. समाधान ज्याचं त्याने मानायचं असतं, दुसऱ्याने मागायचं नसतं. त्या पोराकडून कृतज्ञतेची अपेक्षा करण्याआधी त्याचा ओव्हरटाइम वेळेवर द्या, त्याचे त्याच्या कामाबद्दल आभार माना. आणि नेम धरायला त्याच्याकडे वेळ राहील अशी ड्युटी लावा, कारण दमून आलेल्या माणसाला व्यायामाचा उपदेश करणं सोपं असतं.

तसंच घरातल्या बाईचं. ट्रॅकवर आमचा पुरुषांचा ग्रुप वर्षानुवर्षं टिकला त्याचं कारण शोधायला लांब जायला नको, आम्ही चालत असतो तेव्हा घरी कोणीतरी डबे भरत असतं. बायका येतात त्या एकतर पोरं मोठी झालेल्या नाहीतर घरात मदतीला माणूस असलेल्या. सूनबाईंना योगा क्लासला जायचं होतं, सकाळचा चहा आणि नातवाचा डबा माझ्याकडे आला, आता तो माझा नेम आहे आणि तिचा क्लास हा तिचा. ज्या घरात एकाचा नेम चालतो तिथे दुसऱ्या कोणाचा अडून राहिलाय का हे बघायलाच हवं. लेख लिहिणाऱ्यांनी हा मुद्दा घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पहाटे उठा, ध्यान करा, डायरी लिहा हे वाचताना कितीतरी बायकांच्या मनात येत असणार की बाई गं, पहाटे मी उठतेच, पण कुकर कोण लावणार.

आणि जगण्याच्या उद्देशाबद्दल. जपानमध्ये ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं की तुमच्या जगण्यात अर्थ आहे असं तुम्हाला वाटतं का, आणि पुढे सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २००८ मध्ये ते छापून आलं. नाही म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने विशेष करून. आजारी माणसाला आधीच उदास वाटत असणार हे धरून त्यांनी वय, तब्येत, सिगारेट-दारू सगळ्याचा हिशेब लावला तरी फरक उरलाच. हे ऐकलं तेव्हा मला ते मोटर लावणारे गृहस्थ आठवले. आपल्याकडे म्हातारपणी माणसाला सांगतात आता आराम करा, काही करू नका, आणि मुलं हे प्रेमाने सांगतात, मला त्यांचा राग नाही. पण काही करू नका हे ऐकून ऐकून माणसाला वाटायला लागतं की आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही. आई-वडिलांना एक काम द्या, खरं काम, जे त्यांनी नाही केलं तर घराचं अडेल. गॅसचा नंबर लावणं, नातवाला बसस्टॉपवर सोडणं, दुधाचा हिशेब, सोसायटीचं रजिस्टर. आणि ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका, चुकलं तरी.

तर माझ्या मागण्या. पहिली, ज्यांच्या हातात आहे त्यांनी शहरातल्या जॉगिंग ट्रॅकचे आणि बागांचे दिवे पहाटे साडेचारपासून लावावेत आणि तिथली स्वच्छतागृहं त्या वेळेला उघडी ठेवावीत. हिवाळ्यात नाशिकला सहा-साडेसहापर्यंत काळोख असतो, अंधार असला की बायका येत नाहीत, म्हातारे पडायच्या भीतीने येत नाहीत, आणि एकदा येणं सुटलं की ते परत सुरू करायला किती दिवस लागतात ते वर लिहिलंच आहे. दुसरी, वॉर्डातल्या अभ्यासिकांच्या वेळा शिफ्टवाल्यांना आणि क्लासच्या पोरांना विचारून ठरवाव्यात, सकाळी लवकर आणि रात्री उशिरा निदान एक खोली तरी चालू ठेवावी. ह्याला नवीन इमारत लागत नाही, किल्ली कोणाकडे ठेवायची एवढं ठरवावं लागतं, आणि किल्ली सांभाळायला रिटायर माणसं हजार मिळतील, मी स्वतः तयार आहे, माझ्याबरोबर ट्रॅकवरचे अजूनही काही जण तयार आहेत.

तिसरी मागणी आपल्याकडे. आठवड्यातून एकदा कुठल्यातरी पानावर छोटी चौकट द्या, वाचकांनी आपल्या भागातल्या रोज काम करणाऱ्या एका माणसाचे आभार मानण्यासाठी. पुढारी, अधिकारी, मोठे सत्कार नकोत त्यात. काय काम, कुठल्या भागात आणि त्याने काय फरक पडला तेवढंच, त्या माणसाला विचारून मगच छापायचं. पन्नास शब्दांची मर्यादा ठेवा आणि फोटो घेऊ नका, म्हणजे जास्त जणांना जागा मिळेल. आणि पुढच्या जानेवारीत संकल्पांची यादी छापण्याऐवजी दहा-पंधरा वर्षं एकच साधा नेम चालवणाऱ्या माणसांना जाऊन भेटा, त्यांना विचारा की मधे सुटला तेव्हा परत कसा धरला आणि घरात कोणी सांभाळून घेतलं. अशी माणसं प्रत्येक कॉलनीत आहेत, पत्ते मी देतो.

पत्र फार लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं असेल तर परदेशातल्या अभ्यासांचे आकडे कापा, पण दिव्यांचं आणि अभ्यासिकेच्या किल्लीचं तेवढं ठेवा.

आपला,
एक रिटायर कामगार
सिडको, नाशिक